ध्वज दिसला नाही तरी

खेळाच्या सामानाच्या दुकानात हे काउंटरपाशी उभे होते. पुढ्यात गोल्फच्या मैदानावर अंतर मोजायची दोन यंत्रं. एक दुर्बिणीसारखं, डोळ्याला लावून खड्ड्याशी रोवलेल्या दूरच्या ध्वजावर रोखायचं. दुसरं मनगटी घड्याळ, जीपीएसवर चालणारं.

"ह्याला ध्वज दिसावा लागत नाही ना?" ह्यांनी घड्याळ उचलून विचारलं.

"नाही काका. मैदानाचा नकाशा आतच असतो. ध्वज झाडाआड असला तरी अंतर सांगतं."

"मग हेच द्या."

विक्रेत्याला वाटलं, काका चोखंदळ दिसतात. खरं तर ह्यांना ध्वज दिसेनासा झाला, त्याला पावसाळा उलटून गेला. आता काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी दर रविवारी खेळायला जातात. चेंडू कुठे पडला ते सोबती सांगतात, आणि हे "दिसला, दिसला" म्हणत भलतीकडेच चालू लागतात.

मला ह्या यंत्रांचा रागच येतो. अंतर कळलं म्हणून कुठली गोष्ट जवळ येते? एकाच टेबलाशी जेवताना हा माणूस रोज थोडा लांब जातोय. ते मोजून मी काय करू?

दुकानाच्या पायरीवर ह्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं. आम्ही बाजारात होतो, त्यामुळे त्यावर नुसतीच वेळ होती, चांगली ठळक. ह्यांनी मनगट डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग हात माझ्यापुढे केला.

"काय गं लिहिलंय?"