नाना खुर्ची वळवून द्यायचे

नानांच्या पत्नी अक्कांचा फोन आला तेव्हा मी कोइमतूरच्या छापखान्यात कामावर होते. "नाना गेले," एवढंच बोलल्या... महिना होत आला. मला जळगावला पोचता आलं नाही. तिथलं आपलेपण आता संपलं की काय, ही धास्ती तेव्हापासून मनात आहे.

नाना मूळचे धुळ्याचे, बोलण्यात अहिराणी यायची. जळगावात मेहरूणमध्ये त्यांचं लग्नपत्रिका करून देण्याचं दुकान होतं. मी यावलहून एसटीने कामाला यायचे. शाळा आठवीतच सुटलेली, त्यामुळे कॉम्प्युटरला हात लावताना वाटायचं, काही बिघडलं की नोकरी गेली. एकदा एक पत्रिका टाईप करून झाली, मी गणपतीचं मोठं चित्र उघडलं आणि पडदा जागच्या जागी गोठला. बाण हलेना. नवरीचे वडील समोरच बसलेले. म्हणाले, "नाना, गणपती इथंच मुक्कामाला दिसतात." मला रडू फुटलं.

नाना म्हणाले, "काही बिघडलं नही, पोरी. बठ्ठे, सगळेच प्रोग्राम एकदम चालतात असं आपल्याला वाटतं. खरं तर खुर्ची एकच शे. एक जण थोडं काम करतो, आपणहून उठतो, मग दुसरा बसतो. हा चित्रवाला उठत नही, अन् त्याला उठवणारं कोणी नही." मशीन बंद केलं असतं तर पत्रिका पुसली गेली असती. नानांनी सगळ्यांना चहा सांगितला. कप रिकामे होईपर्यंत बाण हलला.

पुढे नवं मशीन आलं. त्यात घड्याळ लावल्यासारखं मशीनच प्रत्येकाला उठवतं, असं नानांनी सांगितलं. कुणाच्या मर्जीवर काही ठेवलेलं नाही. दुकानात मात्र कॉम्प्युटर एकच आणि मालक नाना. त्यांना कोण उठवणार? तरी ते अर्ध्या ओळीवरून उठायचे, फडक्याने खुर्ची पुसायचे आणि माझ्याकडे वळवायचे. "बस. माझं थांबेल." तशी बसत बसतच मी शिकले. आज परमुलखात दोन घास खाते ते त्या बसण्यावर.

परवा धीर करून अक्कांना फोन लावला. त्या रागावल्या नव्हत्या. नानांनंतर पहिल्यांदाच दुकान उघडलं होतं म्हणे. काम अर्धवट, आणि खुर्ची टेबलाकडे पाठ करून, दाराकडे वळलेली...

"मी हलवली नाही," अक्का म्हणाल्या. "तू ये, मग बस."