घरात माणसं किती

नववीत माझी शाळा सुटली. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून काढली. त्यामुळं कॉलेजच्या मुलांच्या उन्हाळी संशोधनात मला घेतलं तेव्हा आनंदाआधी भीतीच वाटली. अणुयुद्धानं म्हणा, ज्वालामुखीनं म्हणा, आभाळ धुरकटलं, जगभर पिकं बुडाली, ट्रक-जहाजं थांबली, तर घरच्या साठ्यावर माणसं किती दिवस तगतील आणि ते दिवस वाढवायचे कसे, असा विषय. बाकीची मुलं इंजिनिअरिंगची, आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर हिशेब करणारी. घरोघर जाऊन विचारायचं काम माझं. हे संशोधन चालवणाऱ्या ताईंनी मला निवडलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण एक चूक झाली की परत घरी हिंगोलीला पाठवतील, ही धाकधूक सतत असायची.

समुद्राकाठी भाट्याला माझी खोली होती. सकाळी एसटीनं हातखंब्याच्या पुढच्या वाड्यांत जायचे. दिवसभर माणसांशी बोलणं, पण प्रश्न सगळे मीच विचारायचे. संध्याकाळी समुद्रावर घरंच्या घरं आलेली असायची. मी कडेकडेनं चालून परत यायचे.

मे महिना, वाड्यांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड. अंगणात सुकट, आमसुलं वाळत घातलेली. मला बघून कुणी म्हणायचं, आली घाटावरची साठे मोजायला, आता रेशन बंद. सगळे हसायचे, मीही हसायचे.

एका घरी काकी एकटीच होती. तिचा साठा लिहिला, माणूस एक लिहिलं आणि सांगितलं, काकी, तुमचं वर्ष निघेल. फणसाच्या आठळ्या निवडायची ती थांबली.

"मुंबयची न्हाय धरलीस ती?"

मी म्हटलं, इथं राहतात तेवढीच धरायची.

"आनि येवडा वायट येल आला तर ती थय कशाला ऱ्हातील गो? हितंच येतील ना."

मग तिनं बोटांवर मुलगे, सुना, नातवंडं, दिराचं घर असं मोजलं. तेवढ्यांना तो साठा पावसाळाभरही पुरला नसता. जाताना तिनं विचारलं, तुझं घर लांब, तू कशी जाशील? इतक्या दिवसांत मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. बघू, म्हटलं.

एसटीत बसल्यावर वही उघडून आधीची घरं बघितली. सगळ्या वाड्यांत असंच, म्हातारी माणसं घरात आणि तरणी मुंबईला. माझी सगळी घरं चुकली होती. आणि 'घरात माणसं किती' हा प्रश्न तर ताईंनीच काढलेला.

शनिवारी सगळे ऑनलाइन भेटायचो. मी एरवी 'हो ताई' याच्यापुढं बोलत नसे. त्या दिवशी धीर करून बोलले, "ताई, प्रश्नच चुकलाय. संकटात इथली घरं भरतील. मुंबईची माणसं धरायला पाहिजेत."

एक मुलगा म्हणाला, म्हणजे आमचं सगळं गणित समुद्रात. ताई बराच वेळ कागद चाळत होत्या.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण मग सगळी घरं परत विचारावी लागतील. थांबशील?"

विचार करायच्या आत हो म्हटलं. बाकीच्यांची सुट्टी संपली, ग्रुपवर निरोपाचे मेसेज आले. मी घरी फोन लावला.

"आई, मला काढलं नाही गं. अजून थांब म्हणालेत."

तिकडं तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"म्हणजे येणार नाहीस," ती म्हणाली.