न छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशक

गिऱ्हाइकानं पुस्तक न उघडताच पैसे काढले, की मालक ते त्याच्या हातातून परत घ्यायचे. "उभ्यानं एक पान वाचा. पटलं तर न्या."

उमरग्यात हायवेला लागून त्यांचं दुकान, मागच्या खोलीत छापखाना. एकदा एक सरपंच वाचनालयासाठी पुस्तकं न्यायला आले. "कपाट भरंल एवढी द्या."

"कपाटाला वाचता येत न्हाय, पाटील. वाचणारं माणूस घेऊन या."

आता सांगा, असा माणूस धंदा काय करणार? पण आमच्या भागात कुणी चार ओळी लिहिल्या, तर त्या पहिल्यांदा या दुकानात वाचल्या जायच्या. पुण्या-मुंबईचे प्रकाशक आमच्या पत्रांना उत्तरही देत नसत. मालक ऐकून घ्यायचे, आणि टाकाऊ असेल तर तोंडावर सांगायचे. माझ्या कविता त्यांनी दोनदा परत केल्या. तो राग माझ्या मनात होता, हे आधीच सांगून टाकतो.

मोठ्या दुष्काळानंतर काही वर्षांनी माकणीचे एक बौद्ध मास्तर वही घेऊन आले. दुष्काळी कामावर त्यांनी आईबरोबर खडी फोडली होती. आई बोलत गेली, तसं त्यांनी लिहून घेतलं होतं. मालकांनी वही उभ्यानंच वाचून काढली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "मास्तर, हे आमी छापणार."

तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवून पानं बांधत. प्रुफं तपासून झाली, की वही आणि प्रुफं शेजारच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला जायची, अशी छापखान्याची रीत. मजकूर खिळ्यांत आहे, मग वही कशाला ठेवायची? मास्तरांचीही तशीच गेली. छापखान्याची प्रुफं मी बघून द्यायचो, तीही मीच तपासली होती. चौसष्ट पानं जुळून तयार होती, कागद तेवढा यायचा होता.

त्याच वेळी साखर कारखान्याच्या चेअरमनचा गौरवग्रंथ याच छापखान्यात छापायचं निघालं. संपादक मी. चेअरमनच्या कॉलेजात माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि खिळे मास्तरांच्या पानांत अडकलेले. मालक म्हणाले, "आधी माकणीचं. चेअरमनचा वाढदिवस पुढल्या वर्षीबी येतोय."

ते कागद आणायला सोलापूरला गेले. मी खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला म्हणालो, "मालकांनी सांगितलंय, ती पानं सोडा." त्या बिचाऱ्यानं दोन दिवस बसून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकला. वही उरली नाही, हे मला ठाऊक होतं. आता खोटं कशाला बोलू?

मालक परत आले, एकेक खण ओढून बघितला. कंपोझिटरनं माझं नाव सांगितलं. मला शिवी द्यायला हवी होती. "सर, मास्तरांची आई गेल्या महिन्यात वारली," एवढंच म्हणाले.

मग स्वतः माकणीला जाऊन आले. चूक आपली म्हणून सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. गौरवग्रंथ काही त्यांनी छापला नाही, तो आम्ही लातुरातून छापून आणला. मी कायम झालो. मालकांनी त्यानंतर कुणाची वही हातात धरली नाही. शाळेची गाईडं विकत बसले. लिहिणारी पोरं येईनाशी झाली.

ते वारले त्या सकाळी मास्तर मला स्टँडवर भेटले. मयतीला चला म्हणालो.

"न्हाय येत. आईचं बोलणं आता आठवंना झालंय, सर. तुमी तरी प्रुफं लई मन लावून बघितली व्हती."

मी मान हलवली, आणि त्यांना चहा पाजला.