खोबरेल लावलेलं इंजिन

आधीच सांगून टाकतो, लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं घरच्यांना वाटतं मला सगळं येतं आणि कॉलेजात वाटतं मला काहीच येत नाही. खरं काय ते या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असावं. व्यक्तिचित्र मोठ्या माणसाचं लिहितात, अशी माझी समजूत होती. पण मोठं माणूस मी जवळून पाहिलेलं नाही. जवळून पाहिली आहे ती शेजारची शकूमावशी, आणि तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे ती गाडीचं इंजिन धुवायची. एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेतोय, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं गाव तिकोणा पेठ. मावशीच्या दारात जांभळाच्या झाडाखाली एक जुनी पांढरी गाडी उभी असायची. ती तिच्या नवऱ्याची, दत्ताकाकांची. काका लोणावळा स्टेशनवरून पर्यटकांना घेऊन भुशीला, गडांच्या पायथ्याला सोडायचे. ते आजारपणात गेले आणि गाडी झाडाखालीच राहिली. मुलगा प्रकाश तळेगावला कारखान्यात कामाला, राहायलाही तिकडंच. सुट्टीला आला की गाडी सुरू करून बघायचा, थोडा वेळ घुर्र करायचा आणि बंद करून म्हणायचा, "आई, उभी गाडी सडते. विकून टाकू."

"वीक की," मावशी म्हणायची. "मी कुटं न्हाई म्हनते?"

ती नाही कधीच म्हणायची नाही, हे तिचं वैशिष्ट्य मला फार उशिरा कळलं.

एका रविवारी मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. बघतो तर गाडीचं बॉनेट उघडं आणि मावशी कमरेपर्यंत आत. बाहेर फक्त खोचलेलं लुगडं आणि पाय. शेजारी बादलीत शाम्पूची पुडी फोडलेली, हातात दात घासायचा जुना ब्रश. गिऱ्हाईक येणार होतं आणि गाडी दाखवायची म्हणजे धुऊनपुसून, असा तिचा हिशेब होता. गाडीच्या तोंडात पाणी ओतलेलं बघून मला राहवेना. मी मोबाईलवर इंजिन धुण्याचा एक व्हिडिओ शोधून तिच्यासमोर धरला. त्यात एक गोरा माणूस पाइपानं इंजिनावर जोरात पाणी मारत होता.

मावशीनं जरा वेळ बघितलं. "ए कालेज," ती म्हणाली. मी कॉलेजात जायला लागल्यापासून तिनं माझं नावच ते ठेवलं होतं. "ह्या बाप्याला घरात कुनी इचारत न्हाई वाटतं. आंघोळ घालतोय का बुडवतोय त्येला?"

"मग कसं धुवायचं?"

"इंजनाला पानी दावायचं, पाजायचं न्हाई."

मग तिनं मला तिची रीत दाखवली. इंजिन गार पाहिजे. बॅटरीवर प्लास्टिकची पिशवी, हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाला दुधाची रिकामी पिशवी, वरून भाजीच्या जुडीचं रबर. वायरींचे जोड कापडानं गुंडाळायचे. ब्रशानं घासायचं आणि तांब्यानं बेतानं पाणी सोडायचं, तुळशीला घालतो तसं. शेवटी काकांच्या जुन्या बनियननं पुसून उन्हात बॉनेट उघडं ठेवायचं. काकांनी बनियनला भोकं पडू दिली ती याच कामासाठी, असं तिचं म्हणणं होतं.

दुपारी प्रकाश कामशेतचा एक एजंट घेऊन आला. एजंटनं टायर बघितले, दारं उघडून मिटली, मग बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागं सरला.

"इंजिन कोणी धुतलं?"

"मी," मावशी कौतुकाची वाट बघत म्हणाली.

"का धुतलं?"

"मळलं व्हतं म्हनून."

एजंटनं प्रकाशला बाजूला घेतलं, पण त्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता. "हे बघा, वापरातलं इंजिन असं दिसत नाही. धुतलंय म्हणजे गळती पुसलीय. धूळ असती तर ऑइल कुठून येतंय ते लगेच दिसलं असतं. मी धूळ बघून गाडी घेतो." आणि तो चहा न घेताच गेला.

प्रकाश चिडला. मावशी मात्र बॉनेटवर हात ठेवून तशीच उभी होती. मला वाटलं तिला वाईट वाटलं. आता वाटतं, ती त्या एजंटचं म्हणणं नीट घडी घालून ठेवत होती.

कारण पुढचं गिऱ्हाईक यायचं ठरलं त्या सकाळी मावशीनं इंजिन पुन्हा धुतलं, आणि या वेळी वाटीत खोबरेल तेलही घेतलं. काळ्या नळ्या, प्लास्टिकची झाकणं, बॅटरीची पेटी, सगळ्याला तिनं बोटानं तेल लावलं. आई माझ्या बहिणीच्या डोक्याला लावायची तसं, मुळापर्यंत.

"मावशी, हे कशाला?"

"केस काय आन नळ्या काय, तेलाबिगर चमक न्हाई."

"पण तो एजंट म्हणत होता की..."

"त्यो त्येच्या जागी बरूबर हाय," ती म्हणाली आणि वाटी पुसून घेतली.

गिऱ्हाईक म्हणजे पवनानगरचे एक गुरुजी होते. सज्जन माणूस. बॉनेट उघडल्यावर त्यांना बॅटरीच्या झाकणात स्वतःचा चष्मा दिसला. प्रकाशनं गाडी सुरू केली. इंजिन तापलं तसा सगळ्या अंगणात नारळाच्या वड्या थापल्यासारखा वास सुटला. गुरुजींनी नाक वर करून हुंगलं.

"हा वास कसला?"

"खोबरेल," मावशी म्हणाली. "मी खोटं कशाला बोलू?"

हे तिचं दुसरं पालुपद. मी खोटं कशाला बोलू म्हणायची आणि त्यापुढं खरं असं काही बोलायची की ऐकणाऱ्याचा जीव धसकावा.

"गाडीत काही दोष?" गुरुजींनी विचारलं.

"काय बी न्हाई. जे काय काळंबिळं व्हतं ते समदं मी पुसून टाकलंय."

गुरुजींनी बॉनेट हळूच लावलं, देवघराचं दार लावावं तसं, आणि घरी विचारून सांगतो म्हणाले. घरी त्यांनी अजून विचारलेलं नसावं. त्यानंतर एकजण स्वतःचा मेकॅनिक घेऊन आला. मेकॅनिक म्हणाला, इंजिन चांगलं आहे. मावशी लगेच म्हणाली, "आमचे हे बी शेवटपरेंत चांगलेच दिसत व्हते." तेही गेले.

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला भुशीला कळलं. परीक्षा संपल्यावर आम्ही मित्र धरणाकडं चालत निघालो होतो. मागून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. वळून बघितलं तर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, मक्याच्या कणसांच्या गाड्यांमधून मुंगीच्या चालीनं येणारी. शेजारी बसलेल्या शिक्षकानं डोळे मिटले होते. स्टिअरिंगवर मावशी होती. पदर घट्ट खोचलेला, पायात प्रकाशचे जुने बूट.

"बाजूला व्हा की रं," ती ओरडली आणि मग तिनं मला बघितलं. गाडी थांबली; म्हणजे बंद पडली. तिनं काच खाली घेतली.

"ए कालेज. तू मला बगितलं न्हाईस."

"नाही मावशी."

"मंग हसतोस कशाला?"

दर मंगळवारी ती लोणावळ्याला जायची आणि गावात विचारलं की बँकेचं काम सांगायची. त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तिच्या बहिणीचा लोहगडवाडीला स्टॉल आहे. गडावर येणाऱ्यांसाठी पिठलंभाकरी, भजी, ताक. शनिवार-रविवार मावशी तिथं जायची, ताकाची कळशी आणि भाकरीची पाटी मांडीवर घेऊन, लोकांच्या जीपमधून.

"जीपवाला सीट भरल्याबिगर हालत न्हाई. मी उनात बसून ऱ्हाते. माजं ताक त्येच्या मर्जीनं आंबतं," ती म्हणाली. "दारात आपली गाडी उभी. आन मी कळशी घेऊन दुसऱ्याच्या गाडीची वाट बगते. हे कुटलं शानपन?"

"मग प्रकाशदादाला सांगा की."

"त्यो भितो. या वयात, घाटात, असलं बोलतो. त्येला लायसन दावल्याबिगर पटायचं न्हाई. तवर गाडी दारात ऱ्हायला पायजे." तिनं खिडकीबाहेर बघितलं. "पयल्या बारीला मी खरंच दावायला धुतलं व्हतं. त्या कामशेतवाल्यानं अक्कल दिली. भला मानूस."

म्हणजे शर्यत होती. एकीकडं लायसन, दुसरीकडं गिऱ्हाईक. त्यात मावशी परीक्षेत एकदा नापास झाली, रिव्हर्समध्ये. "मागं बगून चालवायची सवंच न्हाई मला," एवढंच ती म्हणाली, पण त्या आठवड्यात तिनं इंजिनाला तेल जरा जास्तच लावलं.

प्रकाश काही भोळा नव्हता. एकदा त्यानं बॉनेट उघडलं, वास घेतला, बोटावर तेल घेऊन बघितलं आणि ते बोट आईसमोर धरलं. मग शांतपणे म्हणाला, "आता बॉनेटला हात लावायचा नाही. पुढचं गिऱ्हाईक मी न सांगता आणणार. त्याला पटली की दिली."

"दे की," मावशी म्हणाली. "मी कुटं न्हाई म्हनते?"

नेमका त्याच आठवड्यात मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला निघालो. मावशी एसटीपर्यंत आली. बॉनेट बंद होतं आणि जांभळाचा पाला गाडीवर पडत होता. दुसरी परीक्षा जवळ आली होती. मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, पण मला असलं बोलता येत नाही. तिनंच माझ्या पाठीवर थाप मारली. "जा. तितं तरी कुनाला इंजन धुवायला शिकवू नको."

हॉस्टेलवर मला नवीन पुस्तकांपेक्षा त्या गाडीचीच काळजी जास्त. पण बातमी कळेना. आई फोनवर जेवलास का विचारते, दुभत्या म्हशीबद्दल सांगते आणि फोन ठेवते. मावशीचा विषय काढला की म्हणायची, "हाय की, बरी हाय." प्रकाशदादाला फोन करायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी एका शनिवारी मी सरळच विचारलं, "आई, मावशीच्या दारात गाडी आहे का गं?"

"न्हाई," आई म्हणाली.

मला जांभळाखालची रिकामी जागा दिसली आणि उन्हात कळशी घेऊन बसलेली मावशीही दिसली.

"आरं ऐकतोस का? परकाशनं एक गिऱ्हाईक आनलं व्हतं, न सांगता. इंजनावर ही धूळ. त्येला लय पसंत पडली. म्हनला, एक चक्कर मारून दावा. परकाश चावी आनाय आत गेला, तर चावी शकूकडं. बसली की गाडी चालवाय. त्या मानसाला घेऊन पार पवनानगरच्या धरनापातुर गेली आन आली. आल्यावर परकाशच्या हातात लायसन दिलं."

"आणि तो माणूस?"

"त्यो उतरला, पानी मागितलं आन म्हनला, ही गाडी मावशीलाच ऱ्हाऊ द्या."

"मग आता गाडी कुठंय?"

"कुटं म्हंजे? आज शनवार न्हाई का? लोहगडवाडीला गेली ती, ताक घेऊन. सकाळीच."

मला हसू आवरेना. खोलीतली पोरं बघायला लागली. मी विचारलं, "इंजिन धुते का अजून?"

"छ्या. चिखलानं लिंपलंय निस्तं. परकाशच म्हनला, आई, जरा धूत जा."

"मग मावशी काय म्हणाली?"

"म्हनली, आता कुनाला दावायचंय?"