खिडकीजवळच्या खाटेचं रक्त

रुग्णालयात त्याला सगळे डास म्हणत. सकाळी ट्रे घेऊन तो वॉर्डात शिरला, की कोपऱ्यातून कोणीतरी ओरडायचंच, "आला गं बाई डास, पांघरूण घ्या!" त्याला राग येत नसे. लहान मूल समोर असलं की तो स्वतःच तोंडाने गुणगुण करायचा, आणि मूल हसण्यात गुंतलं की सुई आत गेलेली असायची.

माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. हात राहत. रस्त्यात कोणी नमस्कार केला, की त्याची नजर आधी समोरच्याच्या कोपरावर जायची. बाही लांब असली तर पंचाईत. बायको विचारायची, "मला बघायला आला होतात, तेव्हा तोंड बघितलंत की शिरा?" तो खरोखरच विचारात पडायचा. तिला मग जास्तच राग यायचा.

वॉर्डात जाण्याआधी तो प्रयोगशाळेतच बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घेई. चिठ्ठीवर खाट लिहायची, माणूस नाही. माणसं येतात, जातात, मरतात. खाट कुठे जाते? वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान बिघडलं असं कोणाला कळलं नव्हतं.

मग नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी तापाच्या प्रत्येक रुग्णाचं रक्त खास पाण्याच्या बाटलीत घालून त्यात जंतू वाढतात का ते बघायला सुरुवात केली. म्हणाल्या, इथल्या ओल्या मातीत एक जंतू राहतो. पायाच्या चिरेतून आत शिरतो, रक्तात पसरतो, आणि मग कोणाला न्यूमोनिया वाटतो, कोणाला टीबी. त्या रोगाचं नाव लांबलचक होतं. डासाने दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. वॉर्डात त्याला 'मातीचा ताप' म्हणू लागले. बाटल्या उबदार कपाटात ठेवायच्या आणि वाट बघायची. पाणी गढूळ झालं तर आत काहीतरी जगतंय. बहुतेक वेळा बाटली बोलायच्या आत रुग्ण घरी गेलेला असे, नाहीतर त्याहून लांब.

एका सकाळी एक बाटली गढूळ झालेली दिसली. मॅडमनी त्यातला थेंब तपासला आणि त्यांचा चेहरा बदलला. "तोच आहे. मातीचाच. कोणाचं रक्त हे?"

डासाने चिठ्ठी वाचली. 'खिडकी.' रजिस्टरप्रमाणे खिडकीजवळची खाट त्याच्या मेहुण्याची होती, बायकोच्या धाकट्या भावाची. विहिरी खोदणं हा त्याचा धंदा. अर्धं आयुष्य जमिनीच्या पोटात गेलेलं, पायांच्या टाचा भेगाळलेल्या. मातीचा ताप यायचा तर त्यालाच. ताप उतरला म्हणून तो घरी गेला होता.

डास बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला दुसरंच दिसलं. घरी जाताना खिडकीजवळून उठला होता तो टेलरमास्तर. रजिस्टरात भिंतीकडच्या खाटेवरचा, साखरेचा जुना रुग्ण, खोकणारा. दोघांनी खाटा बदलल्या होत्या. कधी? रक्त काढलं त्याच सकाळी.

"आधी बदलल्या की नंतर?" मॅडमनी विचारलं. "रक्त तुम्हीच काढलंत ना?"

काढलं होतं. मेहुण्याचा हातही आठवत होता, शीर दोरखंडासारखी. पण त्या हातावर खिडकीचं ऊन होतं का? होतं, असं त्याला वाटलं. क्षणभराने वाटलं, ऊन आपण आत्ताच तिथे नेऊन ठेवलं. जितकं बघावं तितकं ते चित्र बाटलीतल्या पाण्यासारखं गढूळ होत गेलं.

"नीट आठवा," मॅडम म्हणाल्या. "ह्याला औषध आहे, पण आधी इथे राहून इंजेक्शनं, मग महिनोन्‌महिने गोळ्या. ज्याचं आहे त्याला दिलं नाही तर तो आज बरा दिसला तरी उद्या जाईल. आणि तुमच्या मेहुण्याची किडनी नाजूक आहे. त्याचं नसेल तर उगाच द्यायला माझा हात धजत नाही."

तो आधी टेलरमास्तरांकडे गेला. दुकान म्हणजे एक फळी आणि मशीन. मास्तर काजं करत होते, मधूनमधून खोकत होते. डासाने बाटलीचं सांगितलं, खाटांचं विचारलं.

"आधीच बदलल्या," मास्तर म्हणाले. "मला बटणं लावायला उजेड हवा होता. तुमचा मेहुणा म्हणाला, घ्या की, मला उजेडात झोप लागत नाही. मग तुम्ही आलात. मी म्हटलं नाही का, सुईला सुई भेटली?"

म्हटलं होतं. डासाला ते नक्की आठवलं. पण मास्तर भिंतीकडे असतानाही शिवतच बसायचे.

"म्हणजे माझंच ते," मास्तर जवळजवळ आनंदाने म्हणाले. "असू दे हो माझंच. इतके दिवस कोणी सांगत नव्हतं मला काय झालंय. काहीतरी झालंय एवढं तरी ठरलं."

मेहुणा विहिरीत होता. काठावरून डासाने हाक मारली आणि खालून आवाज आला, "कोण? भाऊजी? इथेही रक्त काढायला आलात?"

"तू खाट कधी बदललीस?"

"तुम्ही टोचून गेल्यावर! हात दुखत होता, म्हटलं तिकडे अंधारात पडतो. का हो?"

डासाने सांगितलं. खाली कुदळ थांबली.

"आधी," खालून आवाज आला. "आधी बदलली होती, भाऊजी. आत्ता आठवलं. शप्पथ, आधी."

घरी बायकोने ताटही वाढलं नाही. "सांगून टाका ना, टेलरमास्तरांचं म्हणून. ते स्वतःच म्हणतायत. माझा भाऊ कामावर उभा आहे, धडधाकट."

"आणि त्याचंच असलं तर?"

"असं अभद्र बोलू नका."

"अगं, मास्तरांचं म्हटलं आणि याचं निघालं, तर मी याला मारला. याचं म्हटलं आणि मास्तरांचं निघालं, तर मास्तर गेले, वर याची किडनी गेली."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा फक्त."

त्याला काय वाटत होतं, हेच त्याला कळत नव्हतं. मेहुणा सुटावा असं वाटलं, की खिडकीत टेलरमास्तर दिसत. मेहुणा मरेल अशी भीती वाटली, की खिडकीत मेहुणा दिसे. आठवण त्याची राहिली नव्हती, ती भीतीच्या पाठोपाठ हिंडत होती. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या आतलं बाहेर काढत आला, आणि आता स्वतःच्या आत सुई घालून काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमसमोर उभा राहिला. "मला माहीत नाही," म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्याने ते जास्त मनाला लावून घेतलं. "दोघांना बोलवा," त्या म्हणाल्या. "पुन्हा काढू."

मास्तर सुईदोऱ्यासकट आले. मेहुण्याला बहिणीनेच आणला, दंडाला धरून. शेवटी तीच म्हणाली, "चल, तुझ्या भाऊजींना काही सांगता येत नाही, तर रक्तालाच विचारू." पुन्हा दोन बाटल्या, पुन्हा उबदार कपाट. डास दिवसातून दहा वेळा दार उघडून बघायचा, शेवटी मॅडमनी किल्ली काढून घेतली.

दोन्ही बाटल्या स्वच्छ राहिल्या.

"म्हणजे सुटलो?" मेहुणा म्हणाला.

"म्हणजे काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तो दडून बसतो. दर वेळी रक्तात सापडेलच असं नाही." त्यांनी दोघांचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "दोघांनाही देऊ. किडनीवर मी रोज नजर ठेवीन. रोज रक्त लागेल."

अशा रीतीने दोघे परत त्याच वॉर्डात, त्याच दोन खाटांवर आले. एकाला हे औषध विनाकारण चाललं होतं. कोणाला, ते मॅडमना माहीत नव्हतं आणि डासाला तर नव्हतंच. मेहुणा म्हणायचा, "मास्तर, तुमच्या तापाची सुई मी खातोय, एक शर्ट फुकट शिवा." मास्तर म्हणायचे, "शिवतो. पण ताप तुझा निघाला तर माझी विहीर तू खोद." दोघे हसायचे. डासाला हसू येत नसे. हसणाऱ्यांपैकी एकाच्या आत ते होतं.

आता तो चिठ्ठ्या आधी चिकटवत नसे. कोरी बाटली घेऊन खाटेपाशी उभा राहायचा, आणि सुई टोचण्याआधी तोंडाकडे बघून विचारायचा, "कोण तू?"

"भाऊजी, अंगाखांद्यावर खेळवलंत मला."

"ते असू दे. कोण तू?"

पहिले काही दिवस मेहुण्याने नीट उत्तर दिलं. मग त्याला कंटाळा आला. एका सकाळी डासाने रबरी पट्टी बांधली, शीर वर आली, दोरखंडासारखी, ओळखीची. त्याने विचारलं, "कोण तू?"

"टेलरमास्तर," मेहुणा म्हणाला.

पलीकडच्या खाटेवरून मास्तर खो खो हसले. डासाने सुई ट्रेमध्ये ठेवली. पट्टी सोडली. हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हाताकडे.

"नीट सांग," तो म्हणाला. "कोण तू?"