कंडक्टरबाईंचं इको लग्न

"ह्याला कुठं जायचंय?"

कंडक्टरबाईंनी असं विचारलं की समोरचा हमखास मागे वळून बघायचा. मागे कुणी नसायचं. बाईंच्या हातात थर्माकोलची प्लेट असायची, नाहीतर चमकीचा हार, आणि प्रश्न त्या प्लेटीला असायचा. उभा जन्म एसटीत तिकिटं फाडलेली बाई ती, तिला प्रत्येक वस्तूचा शेवटचा थांबा लागायचाच.

महाड-पोलादपूर गाडीत तुम्ही कधी चढला असाल, तर तुम्हीही त्यांचा ओरडा खाल्ला असेल. मी तर भरपूर खाल्लाय. महाडच्या बाजारात माझं मांडवाचं दुकान आहे. कापड, कमानी, प्लास्टिकची फुलं, म्हणाल ते. रिटायर झाल्यावर बाई लेकीच्या लग्नाचा मांडव ठरवायला आल्या आणि माझ्या फुलांच्या गठ्ठ्याला तोच प्रश्न.

"कुठं जाणार? गोडाऊनला," मी म्हणालो.

"आणि फाटल्यावर?"

मनात म्हटलं, ही बाई गिऱ्हाईक म्हणून आलीय की चेकिंगला?

मग त्यांनीच सांगितलं. बाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायच्या. तिथे मागे एक लग्न झालं आणि उष्ट्या प्लेटा, पिशव्या, सगळं खालच्या ओढ्यात लोटलं. बाईंची म्हैस अन्नाच्या वासानं तिथे गेली, पिशव्यांसकट खाल्लं आणि पोट फुगून मेली. "लय गुणाची होती रे," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. अख्ख्या गाडीला धाकात ठेवणारी बाई माझ्या दुकानात रडत होती. मी चहा मागवला.

"माझ्या पोरीच्या लग्नापायी वाडीतलं एक जनावर जरी गेलं, तरी मी सोताला माफ नाय करनार," त्या म्हणाल्या.

मग बाईंनी सगळं ठरवूनच टाकलं. जेवण केळीच्या पानावर, पाणी वाडीतल्या पितळी पेल्यांतून. डीजे नाही, सनई-ढोलाचा खालूबाजा. माझे फक्त बांबू, वर जांभळीच्या डहाळ्या.

"डहाळ्यांत मुंग्या असतात हो," मी सांगून पाहिलं.

"त्यांनाबी आवातन!"

पत्रिका छापायची नाही म्हणून लेकीनं मोबाईलवरूनच निरोप धाडला: आमचं लग्न इको-फ्रेंडली आहे, सर्वांनी यावे. आणि इथंच घोटाळा झाला. आमच्याकडे इको म्हणजे वडापची गाडी. माणसं कोंबकोंब कोंबतात, शेवटच्याचा एक पाय बाहेर असतो, ती.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे बांबू निवडत असताना दासगावहून नवऱ्या मुलाचे वडील तणतणत आले. "विहीणबाय, आमचा येकच पोरगा हाय. त्याला वडापच्या इकोतनं न्यायचा? सगला गाव हसतोय आमाला. असं असंल तर ह्ये लगीन आमाला नको!"

मला फसकन हसू आलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी कापडाच्या ताग्यात तोंड खुपसलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. लेकीनं स्वतः पसंत केलेला मुलगा, आणि एका शब्दावरून सगळं मोडायला आलेलं.

"बसा आधी," बाई म्हणाल्या. आवाज कंडक्टरचाच, व्याही मुकाट्यानं बसले. "इको गाडी नाय हो. कचरा नाय करायचा, एवढाच त्याचा अर्थ." आणि त्यांनी म्हशीची सगळी हकिगत सांगितली.

व्याही हळूच म्हणाले, "कितव्या वेताची होती?"

"दुसऱ्या."

"अरारारा!" घरी गोठा असलेला माणूस तो. बराच वेळ डोकं हलवत राहिला. "मंग वऱ्हाड कशातनं न्यायचं?"

"एसटीतनं. आख्खी गाडी सांगितलीय, सगले एकत्र."

"डायव्हरमागची शीट माझ्या आयला पायजे. तिला गाडी लागते."

"दिली!"

लग्न झकास झालं. मंगलाष्टकं चालू असताना डहाळीवरून मुंग्या थेट भटजींच्या उपरण्यात उतरल्या. शेवटची दोन कडवी त्यांनी जी काय पळवली! मी बाईंकडे बघून भुवया उडवल्या, त्यांनी साफ दुर्लक्ष केलं. जेवणं आटोपल्यावर उष्टी पानं गोळा करून वाडीतल्या म्हशींपुढे टाकली. बाई नऊवारी खोचून प्रत्येक पान झटकून बघत होत्या, एखादी पिशवी चुकून आली नाही ना म्हणून. एकही नव्हती. म्हशी मजेत खात होत्या आणि बाईंचा चेहरा असा खुलला होता, की वाटलं लग्न खरं आत्ता लागलं.

मग पाठवणी. सगळी वाडी रडत होती. पोरगी खिडकीत बसून हुंदके देत होती. व्याह्यांची आई ड्रायव्हरमागे लिंबू हुंगत बसली होती. इंजिन चालू झालं, पण गाडी काही हलेना. लग्नाची गाडी म्हणून सोबत कंडक्टर दिलेला नव्हता आणि "चला" म्हणायला कुणाचीच जीभ उचलत नव्हती. ड्रायव्हर नुसता आरशात बघत बसला.

बाई आत चढल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तोच हात वर करून त्यांनी घंटीची दोरी ओढली. दोनदा.

खाली उतरून दार स्वतः लावलं. गाडी घाटाच्या वळणाआड गेली, तरी निरोपाला उचललेला बाईंचा हात वरच होता, दोरी अजून धरलेली असावी तसा.