दोन विंगांची गाऱ्हाणी

मी एकाच टुर्नामेंटमध्ये दोन टीमना अगदी मनापासून सपोर्ट केला, आणि दोन्ही टीमनी एकमताने मला हाकलून दिलं.

टुर्नामेंट काही फार मोठी नव्हती. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत दर थंडीत लेडीज बॉक्स क्रिकेट होतं, तीच. पोडियमवर नेट लावायची, टेनिस बॉल, अंडरआर्म बोलिंग, सहा ओव्हर. बॉल पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत गेला तर आऊट, आणि तिथल्या कुंडीला लागला तर आऊट, शिवाय भांडण. सोळा विंग, सोळा टीम, हरलात की घरी.

ए विंगची कॅप्टन माझी बायको, वैशाली. सी विंगची कॅप्टन आणि विकेटकीपर माझी मोठी बहीण, नंदाताई. (दोघींनी एकाच सोसायटीत फ्लॅट घ्यावा ही आयडिया माझीच होती. 'सगळे जवळ राहू' म्हणालो होतो. हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं.)

आधी वैशालीबद्दल सांगतो. शाळेत टीम पाडताना ती कायम शेवटी उरायची, मग कोणीतरी 'बरं, घ्या हिला' म्हणायचं. आयुष्यात तिने काही जिंकलेलं नव्हतं. तिला मिळालेला एकमेव कप हळदीकुंकवाचा होता, तोही बशीसकट. पण त्या वर्षी तिचा लेगसाइडचा फटका बसायला लागला होता. पहिल्या मॅचच्या आधीच तिने हॉलमधल्या शोकेसचा मधला खण रिकामा करून पुसून ठेवला. माझं ऑफिसचं कॅरमचं सर्टिफिकेट उचलून वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलं.

"अगं, जिंकायच्या आधीच जागा?"

"मग काय कप हातात घेऊन उभी राहू? तुम्ही फक्त आमच्या बाजूने ओरडा. तेवढं जमेल ना?"

जमेल, असं मी म्हणालो. मला कोणाच्याही बाजूने ओरडायला जमतं, हाच माझा प्रॉब्लेम आहे. उन्हाळ्यात टीव्हीवर क्रिकेट सुरू झालं की माझ्या चार टीम असतात. जी जिंकेल तिच्या वतीने मी दुसऱ्या दिवशी डबा खाताना 'बोललो होतो ना!' म्हणतो. माणसाने एकाच टीमला धरून बसावं आणि महिनाभर तोंड पाडून फिरावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता गाऱ्हाण्याबद्दल. आम्ही मूळचे मालवणकडचे. शुभकार्याच्या आधी एकाने नारळ ठेवून देवासमोर उभं राहायचं, काय हवं ते मागायचं, काय चुकलंमाकलं ते कबूल करायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'होय म्हाराजा!' म्हणून दाद द्यायची, हे आमचं गाऱ्हाणं. आमचे बाबा भांडुपच्या चाळीत नामांकित गाऱ्हाणेवाले होते. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माझी मालवणी तशी मुलुंडचीच आहे, पण आवाज दणदणीत आहे.

पहिल्या मॅचला ए विंगच्या बायका एकमेकींना 'तू आधी जा' म्हणत होत्या, म्हणून मी गंमत म्हणून स्टंपपुढे नारळ ठेवला आणि सुरू झालो. "बा देवा म्हाराजा! ह्यो ए विंगचो मेळो आज खेळाक उतरलो हा, तेंका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्या ओरडल्या. ओपनिंगला जाणाऱ्या जिग्नाबेनचा आवाज सगळ्यात मोठा होता. त्यांना मालवणीतलं अक्षर कळत नव्हतं, पण हा प्रकार त्यांना इतका आवडला की मी थांबलो तरी त्या एकट्याच दोनदा 'होय म्हाराजा' म्हणाल्या.

ए विंग जिंकली. बॅटिंगमुळे जिंकली, पण नाव गाऱ्हाण्याचं झालं. वैशाली मला घट्ट धरून म्हणाली, "अहो, दर मॅचला घालायचं हां!" मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी ताईचा फोन. "पक्या, वर ये जरा. आईच्या गोळ्या संपल्यात."

आई सोमवार ते गुरुवार आमच्याकडे आणि शुक्रवार ते रविवार ताईकडे राहते. एका पिशवीत उशी आणि गोळ्यांचा डबा घेऊन ती लिफ्टने ये-जा करते. मी गेलो तर गोळ्यांचा डबा भरलेला होता. ओट्यावर मात्र एक नारळ सोलून, शेंडी ठेवून तयार होता.

"घाल," ताई म्हणाली.

"काय घाल? ताई, मी ए विंगचा आहे!"

"तू आधी माझा भाऊ, मग तिचा नवरा. सिनिऑरिटी बघ ना!"

"वैशालीला कळलं तर वाट लागेल माझी."

"सांगणार कोण? मी नाही, तू नाही. आणि आई कोणाकडे काय बोलते का?"

आई खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. मग मी दबक्या आवाजात, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या जागेत, सी विंगसाठी गाऱ्हाणं घातलं. ताई 'होय म्हाराजा' म्हणाली. आईही म्हणाली, लसूण सोलता सोलता.

संध्याकाळी दोन्ही विंग जिंकल्या. मी दोन्ही वेळा शिट्ट्या मारल्या आणि मला वाटलं, बघा, जमतं की नाही! मनात जागा असली की दोन टीम आरामात मावतात. त्याच्या पुढच्या रविवारी तोच कार्यक्रम, सकाळी ताईच्या ओट्याशी दबकं गाऱ्हाणं, संध्याकाळी पोडियमवर दणदणीत. दोन्ही विंग परत जिंकल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आता फायनलला दोघी एकमेकींसमोर येणार.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. वैशालीने मला पिवळा टी-शर्ट छापून आणला, पाठीवर 'ए विंग सपोर्टर'. ताईने जांभळा पाठवला, तोही मी घेतला (नाही म्हणायची मला सवय नाही) आणि ऑफिसच्या बॅगेत लपवला. वैशाली रोज सकाळी चहाबरोबर विचारायची, "फायनलला मोठं घालाल ना? म्हणजे नेहमीपेक्षा लांब?" ताई रोज फोनवर विचारायची, "पक्या, तिच्यापेक्षा लांब घालशील ना?" मी दोघींना हो म्हटलं.

फायनलच्या सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात मी लांबलचक गाऱ्हाणं घातलं. ताईला ते पुरेना.

"नुसतं यश काय मागतोस? स्पेसिफिक माग ना. तिच्या बोलिंगचं काहीतरी बोल."

"अगं, बायको आहे माझी!"

"मग तुला माहीत असेलच कुठे चुकते ते."

आणि मी बोललो. 'वैशूचे बॉल वायड जावंदे रे म्हाराजा' असं मी स्वतःच्या तोंडाने बोललो. लाज वाटली, पण ताई इतकी खूश झाली की तिने मला गरम घावणे वाढले, आणि मी ते खाल्लेही.

संध्याकाळी पोडियमवर सगळी सोसायटी लोटली. मी पिवळा टी-शर्ट घालून स्टंपपुढे नारळ ठेवला. वैशाली हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तो रिकामा खण माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला खरंच मनापासून वाटलं की हिने जिंकावं. मी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या ए विंगेक आज यश दी—"

"थांब रे झिला!"

प्लॅस्टिकच्या खुर्चीतून आई उठली. ती सावकाश चालत आली आणि मला बाजूला करून नारळासमोर उभी राहिली. "असा चलाचा नाय. देवाक एकाच दिसात दोन गजाली सांगल्यास. तो कोणाचा ऐकतलो? आधी ता निस्तरूक होया."

"आई, नको!" मी म्हणालो. पण बाबांचं गाऱ्हाणं पन्नास वर्षं शेजारी उभं राहून ऐकलेल्या बाईला कोण थांबवणार? तिने हात जोडले. आवाज थेट बाबांचा.

"बा रे देवा म्हाराजा! ह्यो माजो झील प्रकाश तुज्या पुढ्यात उभो हा..."

"होय म्हाराजा!" अख्खी ए विंग.

"ह्येना सकाळी माज्या चेडवाच्या, नंदाच्या सैपाकघरात तुका गाऱ्हाणा घातल्यान, सी विंग जिंकाक होयी म्हणान..."

"होय म्हाराजा!" सवयीने सगळ्या म्हणून गेल्या. वैशालीसुद्धा म्हणाली आणि मग तिचे डोळे उघडले.

"आणि आता हय येवन सांगता, ए विंग जिंकाक होयी..."

"होय म्हाराजा!" आवाज निम्मा.

"वैशूचे बॉल वायड जावंदे, असा पण सांगल्यान..."

"होय म्हाराजा!!" हा जिग्नाबेनचा एकटीचा आवाज.

"तर तेची दोनय गाऱ्हाणी रद्द समज, आणि काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हणालो. निदान ते तरी म्हणायला हवं होतं.

आई शांतपणे जाऊन खुर्चीत बसली. वैशाली माझ्याकडे आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वाइड?" ती एवढंच म्हणाली. "माझे?"

तिकडून ताई आली. "आणि काय रे, 'ए विंगेक यश दी' काय? सकाळी घावणे कोणाचे खाल्लेस?"

"घावणे पण?" वैशाली म्हणाली.

"टी-शर्ट काढ तो!" "काढा टी-शर्ट!" आयुष्यात पहिल्यांदा नणंद-भावजय एका सुरात बोलल्या. मी ऑफिसची बॅग (घरी कोणी उघडेल म्हणून ती सोबतच आणली होती) उघडून साधा शर्ट शोधायला गेलो तर त्यातून जांभळा टी-शर्ट बाहेर पडला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

तेवढ्यात कळलं की ठरलेले अंपायर भाच्याच्या साखरपुड्याला ठाण्यात अडकलेत. जिग्नाबेन उत्साहाने म्हणाल्या, "प्रकाशभाईला अंपायर करा ने! आता ते कोनाचेच नाय!" यावरही दोन्ही टीमचं एकमत झालं. मला डोक्यावर पांढरी टोपी घालून मध्ये उभं केलं.

सी विंगने आधी बॅटिंग केली. वैशालीने बॉल हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि टाकला. वाइड. इतका वाइड की मला काही पर्यायच नव्हता. मी दोन्ही हात पसरले. ती हात कमरेवर ठेवून बघत राहिली. पुढचा बॉल, परत वाइड, परत मी हात पसरलेले. असे तिचे पाच वाइड गेले आणि पाचही वेळा सगळी सोसायटी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"रद्द झालं होतं ना हो आई?" वैशालीने तिथूनच विचारलं.

"सांगलंय मी तेका," आई म्हणाली. "पण सकाळचा आधी पोचला आसात."

सी विंगचे एकेचाळीस झाले. ए विंगचे चाळीस झाले आणि शेवटची जोडी उरली. बॅट वैशालीच्या हातात, जिंकायला दोन रन. बॉल आला, लेगसाइडलाच आला, तिच्या आवडत्या जागी. ती पुढे सरसावली, बॅट फिरवली, आणि बॉल लागलाच नाही. मागे ताईने तो पकडून स्टंप उडवले.

"हाऊज दॅट!"

मी बाजूलाच उभा होतो. वैशालीचा पाय लाइनच्या चांगला वीतभर बाहेर होता. ती माझ्याकडे बघत होती, ताई बघत होती. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला एकच उत्तर मागत होतं. माझं बोट खिशातून निघालं आणि कानापाशी अडकलं.

"आऊट देतोयस की कान खाजवतोयस?" ताई ओरडली.

"आऊट," मी म्हणालो. सी विंग एका रनने जिंकली.

त्या रात्री वैशाली माझ्याशी बोलली नाही. सोमवारी आई उशी घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा वैशालीने जेवताना विषय काढला. "आऊट दिलं त्याचं काही नाही हो आई. होतेच मी आऊट. पण एका रनने हरलो आम्ही, आणि वाइड पाच होते." मग थोडं थांबून, "आणि आई, तुम्ही पण सी विंगला होय म्हाराजा म्हणालात की!"

"मी दोगांची आवस गो," आई म्हणाली. "माका दोन घरां आसत. ह्येका एकच आसा, ता तरी नीट सांबाळूचा ना!"

वैशालीला हसू आलं. मी पण हसलो, तर दोघी गप्प झाल्या.

शोकेसच्या मधल्या खणात तिने माझी अंपायरची पांढरी टोपी ठेवली. आल्यागेल्याला ती ती दाखवते आणि सगळी हकीकत सांगते, घावण्यांसकट.

यंदा पहिल्या मॅचच्या आधी गाऱ्हाणं आईनेच घातलं, सगळ्या विंगांचं मिळून. मला नारळ धरायला उभं केलं होतं. शेवटी ती म्हणाली, "आणि ह्या माज्या झिलाक एकाच बाजूक उभो रवाची बुद्दी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" सोळाही विंग गरजल्या. सगळ्यात मोठा आवाज वैशालीचा, त्याच्या खालोखाल ताईचा. मीही अगदी मनापासून 'होय म्हाराजा' म्हणालो, आणि म्हणताना आधी वैशालीकडे बघून हसलो, मग ताईकडे बघून.